मॉर्गनबाईंचा प्रश्न आणि पाण्यातलं माकड

माणसाच्या अंगावर केस का नाहीत? चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान ही आपली जवळची भावकी, आणि ती सगळी केसाळ. मग आपणच तेवढे उघडे कसे? १९६०च्या दशकात या प्रश्नाला एक ठरलेलं उत्तर मिळायचं. आफ्रिकेतलं हवामान कोरडं होत गेलं, जंगलं विरळ झाली आणि आपले पूर्वज झाडांवरून उतरून गवताळ माळावर आले. तिथे पुरुष शिकार करू लागले. उन्हात सावजामागे धावताना अंग तापायचं, म्हणून केस गेले. बाकीच्या प्रश्नांनाही हेच उत्तर पुरायचं. दोन पायांवर का उभे राहिलो? हातात हत्यार धरता यावं आणि उंच गवतावरून लांबचं दिसावं म्हणून. मेंदू का वाढला? शिकारीचे डाव आखायला. भाषा कशाला हवी होती? टोळीनं शिकार करताना एकमेकांना सांगायला.

वेल्समधल्या कोळसाखाणींच्या खोऱ्यात राहणाऱ्या, टीव्हीसाठी नाटकं लिहिणाऱ्या, तीन मुलांच्या एका आईनं हे वाचलं आणि विचारलं: शिकारीला पुरुष जात होते ना? मग बायकांच्या अंगावर पुरुषांपेक्षाही कमी केस का?

शिकारीच्या गोष्टीत या प्रश्नाला जागाच नव्हती.

या बाईंचं नाव एलेन मॉर्गन. त्यांनी प्रश्न विचारून थांबायचं सोडून स्वतःचं उत्तरही दिलं, आणि पुढची चाळीस वर्षं त्या उत्तराची बाजू लावून धरली. माणूस माणूस झाला तो माळरानावर नव्हे, पाण्याच्या काठी, किंबहुना काही काळ अर्धा पाण्यात राहून, असं ते उत्तर. इंग्रजीत याला ‘अ‍ॅक्वाटिक एप’ म्हणतात. आपण ‘जलवानर’ म्हणू. आधीच सांगून टाकतो: हे उत्तर बहुधा चुकीचं आहे. पण त्यांच्याबद्दल जे लिहिलं जातं त्यात एक घोटाळा नेहमी होतो. चाहते म्हणतात, बाईंनी तज्ज्ञांची गोची केली, म्हणजे त्यांचं उत्तर बरोबर. टीकाकार म्हणतात, उत्तर चुकलं, म्हणजे बाईंना काही कळत नव्हतं. प्रश्न आणि उत्तर वेगवेगळे तपासले की दोघांचंही म्हणणं लंगडं पडतं.

मॉर्गनबाई मूळच्या एलेन फ्लॉइड. जन्म ७ नोव्हेंबर १९२०, दक्षिण वेल्समधल्या पाँटिप्रिडजवळच्या हॉपकिन्सटाउनचा. वडील कोळशाच्या खाणीत कामाला. मंदीच्या काळात त्या खोऱ्यांची जी अवस्था झाली ती त्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिली. मुलगी हुशार निघाली, शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्डच्या लेडी मार्गरेट हॉल कॉलेजात गेली. मुलाखतीला गेली तेव्हा तिचा खेड्यातला वेल्श हेल ऐकून ही झाडूपोछाच्या कामासाठी आली असावी असा तिथल्या लोकांचा समज झाला, असा किस्सा सांगतात. विषय इंग्रजी साहित्य. विज्ञानाची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही, हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे आयुष्यभर हे त्यांना ऐकवलं गेलं.

शिक्षण झाल्यावर त्यांनी कामगारांसाठी चालणाऱ्या प्रौढशिक्षणाच्या वर्गांत शिकवलं. लग्न झालं ते मोरिएन मॉर्गन यांच्याशी. हे गृहस्थ स्पेनच्या यादवी युद्धात फॅसिस्टांविरुद्ध लढून आलेले. म्हणजे घरातलं वारं डावं होतं, आणि प्रस्थापितांचं ऐकून घ्यायची सवय दोघांनाही नव्हती. १९५०च्या दशकात एका साप्ताहिकाची लेखनस्पर्धा जिंकल्यावर लेख छापून येऊ लागले, त्यातून टीव्हीची दारं उघडली. बीबीसीसाठी त्यांनी ढिगानं लिहिलं. प्रसिद्ध कादंबऱ्यांची रूपांतरं, लॉइड जॉर्ज आणि मारी क्युरी यांच्यावरच्या मालिका, अपंगत्वावर मात करणाऱ्या जोई डीकनवरचा अनुबोधपट. व्हेरा ब्रिटन यांच्या पहिल्या महायुद्धाच्या आठवणींवरून त्यांनी १९७९मध्ये केलेली मालिका तर नावाजली गेली. ब्रिटनमधला चित्रपट-टीव्हीचा मानाचा बाफ्ता पुरस्कार त्यांच्याकडे होताच. जलवानराचा विषय काढला की लोक त्यांना ‘कुणी एक गृहिणी’ करून टाकतात. त्या त्यांच्या क्षेत्रात पहिल्या फळीतल्या व्यावसायिक लेखिका होत्या. गोष्टीत कच्चा दुवा कुठे आहे, एखादं पात्र लेखकाला नको म्हणून कुठे गायब झालंय, हे ओळखणं त्यांचं रोजचं काम होतं.

आणि मानवाच्या उत्पत्तीच्या त्या काळच्या गोष्टीतून अर्धी पात्रं गायब होती.

ही गोष्ट आली कुठून? १९२५ साली रेमंड डार्ट यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या टाउंग इथे सापडलेल्या एका लहान मुलाच्या कवटीचं वर्णन प्रसिद्ध केलं. हा ऑस्ट्रेलोपिथेकस, म्हणजे लाखो वर्षांपूर्वीचा वानरासारखा मानवपूर्वज. ती जागा आज रखरखीत आहे, तेव्हाही तशीच असणार असं मानलं गेलं. पुढे डार्ट यांनी कवट्यांबरोबर सापडलेल्या मोडक्या हाडांना हत्यारं ठरवलं आणि आपला पूर्वज हा मुळातच हिंस्र मारेकरी होता असं मांडलं. रॉबर्ट आर्ड्री यांनी १९६१मध्ये हे चित्र रंगवून घराघरांत पोचवलं. हे आर्ड्री स्वतः नाटककार आणि हॉलीवूडचे पटकथाकार. नाटकवाल्या पुरुषानं मानवशास्त्रावर लिहिलेलं त्या काळी बरंच खपून गेलं, एवढं नोंदवून पुढे जाऊ. १९६६मध्ये शिकागोला शिकारी-संकलक समाजांवर मोठी परिषद भरली, तिचं नावच ‘शिकारी पुरुष’ असं होतं. गंमत म्हणजे त्याच परिषदेत रिचर्ड ली यांनी कालाहारीतल्या कुंग लोकांचा अभ्यास मांडला, आणि त्यांच्या पोटात जाणाऱ्या अन्नाचा मोठा वाटा बायकांनी गोळा केलेल्या कंदमुळं-फळांचा आहे हे दाखवलं. डार्ट यांच्या ‘हत्यारांचं’ पुढे काय झालं? सी. के. ब्रेन यांच्या कामातून दिसलं की ती हाडं बिबट्या-तरसांनी खाऊन टाकलेली होती. आपले पूर्वज त्या गुहांमध्ये शिकारी म्हणून कमी आणि शिकार म्हणून जास्त आले होते. टाउंगच्या मुलाला तर बहुतेक एका मोठ्या गरुडानं उचललं होतं.

१९६७मध्ये प्राणिशास्त्रज्ञ डेझमंड मॉरिस यांचं ‘द नेकेड एप’ आलं आणि तुफान खपलं. त्यात स्त्रीच्या शरीराचं स्पष्टीकरण जवळजवळ सगळं पुरुषाच्या सोयीनं केलेलं. शिकारीहून दमून येणाऱ्या पुरुषाला घराकडे ओढून आणायचं म्हणून बाई अशी घडली, असा सूर. मॉर्गनबाईंचं डोकं फिरलं ते इथे. पण त्याच पुस्तकात थोडक्यात एक वेगळी कल्पना उल्लेखून सोडून दिली होती: आपले पूर्वज कधीकाळी पाण्यात राहत असावेत. बाईंनी तो धागा पकडला आणि कल्पना कुणाची हे शोधून काढलं.

ती होती सर अ‍ॅलिस्टर हार्डी यांची. हे ऑक्सफर्डचे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक, नामांकित सागरी जीवशास्त्रज्ञ; तरुणपणी अंटार्क्टिक समुद्रातल्या ‘डिस्कव्हरी’ मोहिमेवर गेलेले, देवमासे जवळून पाहिलेले. १९३०च्या सुमारास त्यांनी फ्रेडरिक वुड जोन्स यांच्या पुस्तकात वाचलं की माणसाची चरबी इतर वानरांसारखी सुटी नसून कातडीला चिकटून असते आणि याचं कारण कळत नाही. हार्डींना लगेच देवमाशांची आणि सीलची चरबी आठवली. पण त्यांनी तीस वर्षं तोंड उघडलं नाही. असलं काही बोललो तर शास्त्रज्ञ म्हणून आपली किंमत राहणार नाही, ही भीती. अखेर मार्च १९६०मध्ये, वयाच्या ६४व्या वर्षी, ब्रायटनला पाणबुड्यांच्या क्लबच्या कार्यक्रमात त्यांनी ही कल्पना बोलून दाखवली. वर्तमानपत्रांनी भडक मथळे दिले, तेव्हा खुलासा म्हणून ‘न्यू सायंटिस्ट’मध्ये लेख लिहिला. त्यानंतर पुन्हा शांतता. (हार्डींच्या आधी १९४२मध्ये मॅक्स वेस्टनहोफर या जर्मन विकृतिशास्त्रज्ञानंही असंच काही सुचवलं होतं. त्याकडे तर कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.)

मॉर्गनबाईंनी हार्डींना पत्र लिहून कल्पना वापरायची परवानगी मागितली, ती मिळाली. १९७२मध्ये ‘द डिसेंट ऑफ वुमन’ आलं, तेव्हा त्या ५१ वर्षांच्या होत्या. नावातच डार्विनच्या ‘द डिसेंट ऑफ मॅन’ला चिमटा होता. पुस्तक अनेक भाषांत गेलं, अमेरिकेत गाजलं. काळही तसाच होता. स्त्रीमुक्तीची चळवळ जोरात होती आणि हिला विज्ञानातलं विनोदी, धारदार शस्त्र मिळालं. मानवशास्त्रज्ञांनी मात्र पुस्तकाकडे पाठ फिरवली.

आता प्रत्यक्ष युक्तिवाद बघू. मॉर्गनबाईंची रीत सोपी होती: माणसात जे आहे आणि इतर वानरांत नाही, त्याची यादी करायची, आणि ते आणखी कुठल्या प्राण्यांत सापडतं ते पाहायचं.

केस नसलेले सस्तन प्राणी कोणते? देवमासे, डॉल्फिन, समुद्रगाई, वॉलरस, पाणघोडा. बहुतेक सगळे पाण्यातले. कातडीखाली चरबीचा थर कुणाला? पुन्हा तेच. चिंपांझीचं बाळ जन्मतं ते सुरकुतलेलं, हडकुळं. माणसाचं बाळ गुबगुबीत, पाण्यावर तरंगण्याइतकं. दोन पायांवर चालणं ही तर मोठीच अडचणीची गोष्ट. पाठ दुखते, गुडघे जातात, हर्निया होतो, बाळंतपण अवघड होतं. या दुखण्यांवरच त्यांनी १९९०मध्ये एक अख्खं पुस्तक लिहिलं. एवढी किंमत मोजून माकड उभं राहिलं ते का? त्यांचं म्हणणं, कमरेएवढ्या पाण्यात उतरलं तर नाक वर ठेवायला उभं राहावंच लागतं, आणि पाणी वजन पेलत असल्यानं उभं राहणं सोपंही जातं. बोर्निओच्या खाजणातली लांब नाकाची माकडं पाण्यातून जाताना हेच करतात. चिंपांझी, बोनोबोही पाण्यात उतरले की दोन पायांवर होतात.

सगळ्यात हुशार मुद्दा श्वासाचा. बोलायला श्वासावर ताबा लागतो. एक लांब वाक्य बोलताना आपण झटकन श्वास घेतो आणि मोजून-मापून सोडतो. बहुतेक जमिनीवरच्या प्राण्यांना हे ठरवून जमत नाही. सूर मारणाऱ्या प्राण्यांना जमतं, कारण त्यांना बुडी मारण्याआधी श्वास घ्यावाच लागतो. म्हणजे भाषेची पूर्वतयारी पाण्यात झाली, असा निष्कर्ष. केसांचं, चरबीचं, चालण्याचं आणि बोलण्याचं कोडं एकाच फटक्यात सुटलं.

नेमकी इथेच गाडी अडते.

एकच किल्ली सगळ्या कुलपांना लागते असं कुणी सांगितलं तर आनंदाआधी शंका यायला हवी. १९९७मध्ये जॉन लँग्डन या अमेरिकी शास्त्रज्ञानं ‘जर्नल ऑफ ह्यूमन इव्होल्यूशन’मध्ये या कल्पनेची सविस्तर चिकित्सा केली आणि अशा मांडणीला ‘छत्री-गृहीतक’ म्हटलं. एका छत्रीखाली खूप गोष्टी मावल्या की सिद्धांत साधा वाटतो. पण प्रत्येक गोष्टीचं वेगळं, पुराव्यानिशी स्पष्टीकरण उपलब्ध असेल, तर एकच कारण मानल्यानं साधेपणा वाढत नाही. उलट एक अख्खा अज्ञात काळ गृहीत धरावा लागतो.

केसांचंच घ्या. पाणमांजर, बीव्हर, सील, ध्रुवीय अस्वल हे सगळे पाण्यातले किंवा अर्धे पाण्यातले, आणि सगळे दाट केसांचे. लहान-मध्यम आकाराच्या प्राण्याला अर्धवेळ पाण्यात राहायचं तर केसच कामाला येतात. केस टाकून दिले ते एकतर पूर्णवेळ पाण्यात राहणाऱ्यांनी किंवा अवाढव्य देहाच्यांनी. आपण दोन्ही नाही. जमिनीवरचे हत्ती, गेंडेही जवळजवळ बिनकेसांचेच आहेत. शिवाय आपल्याजवळ एक गोष्ट आहे जी पाण्यात पूर्ण निरुपयोगी आहे: घाम. माणूस कष्टाच्या कामात तासाला लिटरभराहूनही जास्त घाम गाळू शकतो. हा घाम उघड्या कातडीवर आणि वाऱ्यावरच उपयोगी. म्हणजे केस जाण्याचा संबंध अंग थंड ठेवण्याशी असावा ही जुनी कल्पना पूर्ण मेली नाही; फक्त त्यातला शिकारी पुरुष काढून टाकावा लागला. ऊन बायकांनाही लागतं, आणि दिवसभर कंद खणत, पोर कडेवर घेऊन मैलोगणती चालताना घामही येतो. मग बायकांचे केस पुरुषांपेक्षा कमी का? त्यासाठी लैंगिक निवडीचं, म्हणजे जोडीदार निवडताना दिसण्याला मिळालेल्या महत्त्वाचं, कारण दिलं जातं. ते पटण्यासारखं आहे. घट्ट सिद्ध झालंय असं मी म्हणणार नाही.

चरबीचं म्हणाल तर ती सीलसारखी सगळीकडे सारखी पसरलेली नसते. कुठे किती साठते हे स्त्री-पुरुषागणिक आणि वयागणिक बदलतं. कॅरोलाइन पाँड यांनी प्राण्यांच्या चरबीचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांना दिसलं की आपली चरबी साठते त्या जागा इतर वानर-माकडांच्याच आहेत, आपल्याकडे साठा मोठा एवढंच. पिंजऱ्यातलं आयतं खाणारं माकडही सुटतंच. बाळ गुबगुबीत का, याचं उत्तर त्याच्या डोक्यात आहे: तान्ह्या बाळाची निम्म्याहून जास्त ऊर्जा एकटा मेंदू खातो, आणि दूध कमी पडलं, आजारपण आलं तर शिदोरी म्हणून चरबी हवी.

स्वरयंत्र खाली सरकलेलं असणं हे माणसाचं वैशिष्ट्य मानलं जायचं आणि त्याचाही संबंध पाण्याशी जोडला होता. २००१मध्ये फिच आणि रेबी यांनी दाखवलं की लाल हरणाच्या नराचं स्वरयंत्रही खाली असतं आणि ओरडताना तो ते आणखी खाली ओढतो. त्याचा पाण्याशी काही संबंध नाही. मोठ्या देहाचा आवाज काढायची ती युक्ती आहे. तोंडावर गार पाणी पडलं की हृदयाची गती मंदावते, हा पुरावाही पुढे केला जातो. पण तो प्रतिसाद जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांतही आढळतो. अश्रूंतून मीठ बाहेर टाकलं जातं हा एक सुरुवातीचा मुद्दा होता. तो पुढे त्यांनी स्वतःच सोडून दिला. हे त्यांच्या बाजूनं नोंदवायला हवं, कारण हट्टानं सगळंच कवटाळून बसणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. १९८२ आणि १९९७च्या पुस्तकांत त्यांचा सूर पुष्कळ सावध झालेला दिसतो.

माझ्या मते सगळ्यात मोठी अडचण तारखांची आहे. जलवानराची कल्पना टिकायची तर हे बदल साधारण एका काळात, एका जागी व्हायला हवेत. टांझानियातल्या लाएटोली इथे ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली दोन पायांच्या चालीची पावलं सुमारे ३७ लाख वर्षांपूर्वीची आहेत, आणि चालायची सुरुवात त्याच्याही बरीच आधीची. त्वचेच्या रंगाशी निगडित एका जनुकाच्या अभ्यासावरून केस किमान १२ लाख वर्षांपूर्वी गेले असावेत असा अंदाज निघतो. मेंदूची मोठी वाढ गेल्या वीस लाख वर्षांतली. भाषा बहुधा आणखी अलीकडची. हे सगळं कित्येक लाख वर्षांच्या अंतरानं, टप्प्याटप्प्यानं घडलंय. एका डुबकीत नाही. आणि आफ्रिकेतल्या नद्या-तळ्यांत तेव्हाही मगरी होत्याच. ताशी काही किलोमीटरच्या गतीनं पोहणाऱ्या वानराचं तिथे काय झालं असतं ते सांगायला नको.

एवढं सगळं स्पष्ट होतं तर शास्त्रज्ञांनी १९७२मध्येच तसं का सांगितलं नाही? हा मॉर्गनबाईंचा दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते पहिल्याइतकाच रास्त. पुस्तक आल्यानंतर पंधरा वर्षांनी, १९८७मध्ये, नेदरलँड्समधल्या फाल्केनबर्ग इथे या विषयावर दोन्ही बाजूंची पहिली गंभीर परिषद झाली. लँग्डन यांचा लेख यायला पंचवीस वर्षं गेली. मधल्या काळात काय होतं? उपेक्षा आणि कुजबुज. तत्त्वज्ञ डॅनियल डेनेट यांनी १९९५मध्ये लिहिलंय की मान्यवर जीवशास्त्रज्ञ भेटले की आपण त्यांना विचारायचो, मॉर्गनबाई नेमक्या कुठे चुकतात ते सांगा. आणि समाधानकारक उत्तर डेनेट यांना मिळालं नव्हतं. डेनेट स्वतः जलवानराचे समर्थक नव्हते. तज्ज्ञांना उत्तर द्यायला वेळ नसतो हे मान्य. विक्षिप्त सिद्धांत रोज टपालानं येतात. पण लाखो लोकांनी वाचलेल्या पुस्तकाला पंचवीस वर्षं उत्तर न देणं म्हणजे मैदान मोकळं सोडणं. मग लोकांनी ‘प्रस्थापित घाबरले’ असा अर्थ काढला तर दोष कुणाचा?

त्यातच एक घटना बाईंच्या पथ्यावर पडली. १९९५मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या व्याख्यानात फिलिप टोबायस यांनी जाहीर करून टाकलं की माळरानाचा सिद्धांत आता टिकत नाही. टोबायस म्हणजे डार्ट यांचेच शिष्य आणि त्यांच्या गादीवरचे वारस, त्यामुळे याला वजन होतं. कारण साधं होतं. जुन्या अवशेषांबरोबर सापडणारे परागकण, लाकूड, प्राण्यांची हाडं जंगलाची साक्ष देत होती. पुढे २००९मध्ये इथिओपियातल्या ‘आर्डी’चा, म्हणजे ४४ लाख वर्षांपूर्वीच्या आर्डिपिथेकसचा, सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला. ती झाडांच्या परिसरात राहत होती, झाडावर चढायची, आणि जमिनीवर दोन पायांवर चालायची. म्हणजे दोन पायांवर उभं राहायला ना उघडा माळ लागला, ना शिकार.

मॉर्गनबाईंना हे फार आवडलं. २००९मध्ये, ८८ वर्षांच्या असताना, ‘टेड’ या व्याख्यानांच्या प्रसिद्ध व्यासपीठावर त्यांनी टोबायस आणि डेनेट दोघांचेही दाखले देत सभा जिंकली. ते भाषण जरूर पाहावं, इतक्या वयात इतकी मिस्कील हजरजबाबी वक्ती क्वचित दिसते. पण त्यातली उडी ओळखू यायला हवी. माळरान पडलं म्हणून पाणी जिंकलं असं होत नाही. दोनच पर्याय आहेत असं ठरवलं कुणी? आजचं चित्र मिश्र परिसराचं आहे: नदीकाठची झाडी, मधे मोकळी गवताळ जागा, तळी, दलदल, आणि हजारो वर्षांच्या चक्रात यांचं प्रमाण सतत बदलणारं. काही संशोधक तर म्हणतात की माळरानाचा सिद्धांत मेलाच नाही, ‘सॅव्हाना’ म्हणजे ओसाड गवत असा अर्थ लावून त्याला उगाच फाशी दिली.

शिकारी पुरुषाचा बाज मोडण्यात त्या एकट्या नव्हत्या, हेही सांगायला हवं. त्याच दशकात सॅली स्लोकम, नॅन्सी टॅनर, एड्रिएन झिलमन या मानवशास्त्रज्ञ स्त्रियांनी विद्यापीठांच्या आतून तेच काम केलं, पुराव्याची शिस्त पाळून. त्यांची नावं सामान्य वाचकाला माहीत नाहीत आणि मॉर्गनबाईंचं माहीत आहे. चांगलं लिहिण्याची ताकद अशी असते. ती नेहमी न्याय करतेच असं नाही. त्या अभ्यासक स्त्रियांना मॉर्गनबाईंच्या पुस्तकाचा उपयोग झाला की अडचण, यावर मला दोन्ही बाजूंनी बोलता येईल.

शेवटपर्यंत बाई लिहित्या होत्या. ‘वेस्टर्न मेल’ या वेल्श दैनिकात म्हातारपणावरचं त्यांचं सदर गाजलं, नव्वदी ओलांडल्यावर त्याला पुरस्कार मिळाला. २००९मध्ये ओबीई हा ब्रिटिश सरकारी किताब मिळाला. १२ जुलै २०१३ रोजी त्या वारल्या. वेल्समध्ये खऱ्याखुऱ्या स्त्रियांचे पुतळे जवळजवळ नव्हतेच, ते उभारण्याची एक मोहीम निघाली. तिच्यातला दुसरा पुतळा त्यांचा, मार्च २०२२मध्ये त्यांच्या गावात, माउंटन अ‍ॅशमध्ये बसवला.

जलवानर मात्र निवृत्त झालेला नाही. सर डेव्हिड अ‍ॅटनबरो या निसर्गपटांच्या प्रसिद्ध निवेदकांनी २०१६मध्ये बीबीसी रेडिओवर पुन्हा त्याची बाजू मांडली, आणि अ‍ॅलिस रॉबर्ट्स व मार्क मॅसलिन या शास्त्रज्ञांनी लगोलग खरपूस उत्तर दिलं. यावेळी पंचवीस वर्षं लागली नाहीत. दरम्यान पाणी आणि माणूस यांच्याबद्दल बरंच नवं कळलंय, फक्त ते मॉर्गनबाईंच्या कल्पनेपेक्षा वेगळं आहे. २०१८मध्ये मेलिसा इलार्डो आणि सहकाऱ्यांनी इंडोनेशियातल्या बाजाव लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पिढ्यान्‌पिढ्या समुद्रात बुड्या मारणारे हे लोक. शेजारच्या, जमिनीवर राहणाऱ्या समाजापेक्षा त्यांची प्लीहा सुमारे ५० टक्क्यांनी मोठी निघाली, आणि त्यामागे जनुकीय फरकही दिसला. प्लीहेत प्राणवायू वाहून नेणाऱ्या तांबड्या पेशींचा साठा असतो, बुडी मारताना तो रक्तात सोडला जातो. म्हणजे पाणी माणसाच्या शरीरावर खरंच काम करतं, तेही थोड्या काळात. पण बाजाव माणूस बाहेरून पाहिला तर शेजाऱ्यापेक्षा ना कमी केसाळ, ना जास्त चरबीचा.

पाण्यातलं अन्नही आपल्या पूर्वजांनी फार आधी खाल्लंय. केनियात तुर्काना तळ्याच्या परिसरात साडेएकोणीस लाख वर्षांपूर्वी कुणीतरी मासे, कासवं आणि मगरीसुद्धा कापून खाल्ल्याच्या खुणा हाडांवर आहेत. इराकपासून फ्रान्सपर्यंतच्या निअँडरथल कवट्या तपासल्या तर जवळपास निम्म्यांच्या कानात हाडाची वाढ दिसते, जी आज गार पाण्यात सतत उतरणाऱ्या सर्फिंगवाल्यांना होते. हे सगळं काठावरच्या जगण्याबद्दल आहे. त्यातून माणसाचं अख्खं शरीर घडलं असं मात्र बहुतेक संशोधक मानत नाहीत.

एक मुद्दा अजून खुला आहे, आणि तो दातांचा. दातांच्या आवरणातल्या कार्बनच्या प्रकारांवरून त्या प्राण्यानं झाडांची पानं-फळं खाल्ली की उष्ण प्रदेशातलं गवत, ते कळतं. पूर्व आफ्रिकेतल्या पॅरान्थ्रोपस बॉइसी या नामशेष मानवसदृश प्राण्याच्या दातांत गवताच्या बाजूचं प्रमाण खूप मोठं निघालं. अडचण अशी की नागरमोथ्याच्या कुळातल्या पाणथळीतल्या कितीतरी वनस्पती दातांत अगदी तीच खूण सोडतात. तेव्हा हा गडी माळावर चरत होता की दिवसभर गुडघाभर पाण्यात उभा राहून लव्हाळ्यांचे कंद उपटत होता, यावर एकमत झालेलं नाही. दुसरी शक्यता खरी ठरली तर मॉर्गनबाईंचे चाहते पेढे वाटतील. मात्र बॉइसी आपला पूर्वज नाही. तो बाजूच्या फांदीवरचा, दहा-बारा लाख वर्षांपूर्वी नामशेष झालेला चुलत भाऊ.